तळघरातला मुद्देमाल: रायन ब्रॉन प्रकरण

फौजदारी कोर्टात ज्यांचं येणं-जाणं असतं त्यांना हा प्रकार पाठ असतो. अमली पदार्थांचा खटला. माल सापडलेला, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल होकारार्थी, आणि तरीही आरोपी सुटतो. कारण पंचनाम्यावर सीलचा ठसा नाही, मुद्देमाल मधले आठ दिवस कुणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही, प्रयोगशाळेत पाठवायला उशीर झाला आणि त्या उशिराचा धड खुलासा नाही. कोर्टाबाहेर टपरीवर लोक म्हणतात, ‘टेक्निकल पॉइंटवर सुटला.’ वकील म्हणतात, कायदा असाच चालतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये २०११ ते २०१३ या काळात असंच एक प्रकरण घडलं. आरोपी म्हणजे लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. मुद्देमाल म्हणजे लघवीचा नमुना. आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनाच्या जागी एक साधा गृहस्थ, ज्याने तो नमुना शनिवारी संध्याकाळी घरी नेऊन तळघरात ठेवला. बेसबॉलमधल्या उत्तेजकांचा विषय निघाला की लोक बॅरी बाँड्स, मार्क मॅग्वायर ही मोठी नावं घेतात. मला रायन ब्रॉनचं प्रकरण त्याहून जास्त शिकवणारं वाटतं. इथे चाचणीने माणूस पकडला, नियमाने सोडला, आणि शेवटी त्याला अडकवलं ते कुणाच्या तरी बुडालेल्या पैशांनी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल कळेल. ब्रॉनला सोडणारा निकाल मला बरोबर वाटतो. सुटल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो जे बोलला त्याला मात्र माफी नाही.

बंदीचे नियम कुठून आले

बेसबॉलला या बाबतीत जाग फार उशिरा आली. १९९८ मध्ये मॅग्वायरने एका हंगामात ७० होमरन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारे फटके) मारले, सॅमी सोसाने ६६. २००१ मध्ये बाँड्सने ७३ मारून तो विक्रमही मोडला. त्या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, स्टेरॉइडची चाचणीच होत नव्हती. २००३ मध्ये पहिल्यांदा सगळ्यांचे नमुने घेतले, तेही निनावी. सदोष नमुने ५ टक्क्यांच्या वर गेले तर पुढच्या वर्षापासून नावानिशी चाचणी, असं ठरलं होतं. ते गेले. तरीही २००४ मध्ये पहिल्यांदा सापडणाऱ्याला शिक्षा नव्हती, फक्त उपचार. पुढे संसदेत सुनावण्या झाल्या, लाज वाटू लागली, आणि २००६ च्या हंगामापासून पहिल्या गुन्ह्याला ५० सामने, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला तहहयात बंदी असा तक्ता आला. डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अहवालात ८९ खेळाडूंची नावं छापून आली.

यातली एक गोष्ट आपल्या वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. हे सगळे नियम म्हणजे सरकारी कायदा नव्हे. मालकांची लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यातला तो करार आहे. युनियन दणकट आहे, संप करून हंगामाचा हंगाम बंद पाडलेली आहे. त्यामुळे नमुना कसा घ्यायचा, कुठे ठेवायचा, कधी पाठवायचा यातलं प्रत्येक वाक्य टेबलावर घासाघीस करून ठरलेलं असतं. गिरणीतल्या वेतनकराराइतकंच ते बंधनकारक.

मिलवॉकीचा लाडका

मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातलं बिअरचं शहर. संघाचं नावच ब्रुअर्स, म्हणजे बिअर गाळणारे, आणि तेव्हा मैदानाचं नाव मिलर पार्क, तेही एका बिअर कंपनीवरून. हा संघ १९७० मध्ये शहरात आणला बड सेलिग यांनी. पुढे तेच लीगचे कमिशनर झाले, आणि त्या मैदानाच्या बाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. हे ध्यानात ठेवा, कारण या प्रकरणात लीगच्या प्रमुखाला आपल्याच जुन्या संघाच्या हिऱ्यावर कारवाई करायची होती.

ब्रॉन मायामी विद्यापीठातून आलेला. संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या २००५ च्या निवडीत ब्रुअर्सने त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं, २००७ मध्ये तो नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. देखणा, बोलण्यात चतुर, लहान शहराच्या संघाला मुंबई-कोलकात्याची भीती न वाटावी असा खेळाडू. ही उपमा माझी. तिकडे त्या जागी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस असतात. २००८ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा ४ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला होता, आणि एप्रिल २०११ मध्ये त्यावर आणखी पाच वर्षं आणि १० कोटी ५० लाख डॉलर चढले. २०२० पर्यंतची सोय झाली.

त्या मोसमात त्याने ०.३३२ ची सरासरी राखली, ३३ होमरन मारले, ३३ बेस चोरले, म्हणजे चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा टप्पा गाठला. ब्रुअर्स आपल्या गटात पहिले आले. १ ऑक्टोबरला प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांचा, पहिला सामना होता, समोर ॲरिझोना डायमंडबॅक्स. ब्रुअर्सनी तो ४–१ असा जिंकला.

शनिवारची संध्याकाळ

सामना संपल्यावर चाचणीसाठी तीन खेळाडूंना बोलावलं गेलं. त्यांत ब्रॉन होता. नमुने घेणारा माणूस लीगने नेमलेल्या कंपनीचा. तिकडे त्याला ‘कलेक्टर’ म्हणतात. आपल्याकडच्या कलेक्टरचा रुबाब बिचाऱ्याच्या वाट्याला काही नाही. खेळाडू लघवी करत असताना शेजारी उभं राहायचं, बाटल्या भरून घ्यायच्या, खेळाडूसमोर सील लावायची, सही घ्यायची. तो हे काम २००५ पासून करत होता आणि ६०० हून जास्त नमुने त्याच्या हातून गेले होते. त्याचं नाव नंतर जगजाहीर झालं. मी ते इथे घेत नाही, त्याचं जेवढं व्हायचं तेवढं झालं आहे.

बाटल्यांना छेडछाड कळेल अशी सील, त्या बाटल्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत, पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यालाही सील, आणि ते सगळं फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या पाकिटात. इथवर सगळं नियमानुसार.

पण एव्हाना शनिवारची संध्याकाळ झाली होती. करारातलं वाक्य असं, की काही असाधारण परिस्थिती नसेल तर नमुना घेतला त्याच दिवशी फेडएक्सने प्रयोगशाळेकडे रवाना करावा. या माणसाचं म्हणणं, की त्या वेळी नेऊन दिलं तरी पाकीट त्या दिवशी किंवा रविवारी पुढे जाणार नव्हतं. ते कुठल्या तरी दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहण्यापेक्षा स्वतःच्या ताब्यात ठेवावं, अशी कंपनीची जुनी सूचना होती. म्हणून त्याने ते घरी नेलं, तळघरातल्या आपल्या ऑफिसात झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, आणि सोमवारी दुपारी फेडएक्सच्या हवाली केलं. मधे सुमारे ४४ तास गेले.

एक पाहा. शुक्रवारी संध्याकाळी तालुक्याच्या ठाण्यात जप्त झालेला माल ‘उद्या-परवा सुट्टी आहे, सोमवारी पाठवू’ म्हणून कपाटात जातो, त्यातलीच ही गोष्ट. कुणाच्या मनात काही वाईट नसतं. काम नेहमी असंच होत आलेलं असतं. आणि नेहमीची पद्धत लेखी नियमापासून कधी दूर सरकली हे कुणाला कळलेलंही नसतं.

पाकीट कॅनडात मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत पोचलं. तिथल्या लोकांनी सील तपासली. शाबूत होती.

बाटलीत काय निघालं

माणसाच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्याचं एक जुळं भावंडही असतं, एपिटेस्टोस्टेरॉन. दोघांचं प्रमाण बहुतेक माणसांत एकास एकच्या आसपास राहतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एक वाढतं, दुसरं जिथल्या तिथे राहतं. चारास एकच्या वर गेलं की संशय. ब्रॉनचं प्रमाण विसास एकच्याही वर होतं, अशा बातम्या आल्या.

निव्वळ प्रमाणावर कुणाला दोषी धरत नाहीत, कारण काहींच्या शरीराची घडणच वेगळी असते. म्हणून दुसरी चाचणी करतात, कार्बनची. आपल्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनमधला कार्बन आपण जे खातो त्यातून येतो. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बनतं सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून. हो, तेच सोयाबीन, ज्याचा भाव पडला की लातूरच्या अडतीत आरडाओरडा होतो. अशा वनस्पतींमध्ये जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, थोडा कमी असतो. हा फरक यंत्राला दिसतो. ब्रॉनच्या नमुन्यातलं टेस्टोस्टेरॉन बाहेरचं निघालं.

इथे ४४ तासांचा प्रश्न घ्यायलाच हवा. लघवी उबेत पडून राहिली तर जिवाणू वाढतात, आणि प्रमाणात थोडी गडबड होऊ शकते. पण बंद बाटलीतले जिवाणू सोयाबीनचा कार्बन आणणार कुठून? शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर तळघराचा मुद्दा लंगडा होता. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर तो तगडा होता. सगळं प्रकरण याच फटीत घडलं.

फुटलेलं गुपित

ब्रॉनला १९ ऑक्टोबरला कळवण्यात आलं. करारानुसार अपिलाचा निकाल लागेपर्यंत सगळं गुप्त राहायचं होतं. दरम्यान २२ नोव्हेंबरला तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून जाहीर झाला. त्याला ३८८ गुण, लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मॅट केम्पला ३३२. केम्पने त्या वर्षी ३९ होमरन आणि ४० बेस चोरी अशी कामगिरी केली होती. मतदान करणाऱ्या पत्रकारांना बाटलीची गोष्ट ठाऊक असणं शक्यच नव्हतं, मतं प्लेऑफच्या आधीच द्यायची असतात.

१० डिसेंबरला ईएसपीएन या क्रीडावाहिनीने बातमी फोडली. गुप्ततेचा करार मोडला गेला, आणि हा ब्रॉनवर झालेला खराखुरा अन्याय होता. नंतर तो खोटा निघाला म्हणून हा अन्याय पुसला जात नाही.

लवादासमोर

सुनावणी जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला झाली. तिघांचं मंडळ: लीगतर्फे रॉब मॅनफ्रेड, जे पुढे स्वतः कमिशनर झाले, युनियनतर्फे मायकेल वायनर, आणि मधे तटस्थ लवाद, श्याम दास. नाव वाचून आपल्याला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं खरं, पण अमेरिकेतल्या कामगार-तंट्यांमधलं ते मुरलेलं नाव. १९९९ पासून ते बेसबॉलचे लवाद होते.

दोन बाजूंचे दोन सदस्य आपापल्या बाजूला हात वर करणार हे उघड असतं. निकाल एकाच माणसाच्या हातात असतो. २३ फेब्रुवारी २०१२ ला दास यांनी ब्रॉनच्या बाजूने कौल दिला, दोनास एक. ५० सामन्यांची बंदी रद्द. उत्तेजकांच्या प्रकरणात मेजर लीगच्या खेळाडूने अपील जिंकल्याचं जगासमोर आलेलं हे पहिलं उदाहरण. लीगने त्याच दिवशी निकालाशी आपण कडाडून असहमत असल्याचं जाहीर केलं, आणि मे महिन्यात दास यांना लवादपदावरून दूर केलं. करारात तशी मुभा होती, दोन्हींपैकी कुणीही लवादाला कधीही नारळ देऊ शकतं.

ब्रॉनच्या वकिलांनी काय मांडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. नमुन्यात काय सापडलं यावर त्यांनी भर दिला नाही. करारात ‘त्याच दिवशी’ असं लिहिलं आहे, ते पाळलं गेलं नाही, आणि शनिवारची संध्याकाळ ही काही असाधारण परिस्थिती नव्हे. ती दर आठवड्याला येते. बस, एवढंच.

दास यांचं सविस्तर निकालपत्र लोकांसमोर आलं नाही, त्यामुळे त्यांच्या मनातलं तर्कशास्त्र शब्दशः सांगता येणार नाही. पण उरलेल्या वाटा पाहिल्या तर त्यांच्यापुढे फारसा पर्याय नव्हता असं मला वाटतं. खेळाडूवर या करारात कडक जबाबदारी आहे. औषध चुकून पोटात गेलं, डॉक्टरने न सांगता दिलं, माहीत नव्हतं, असं नुसतं म्हणून भागत नाही, आपली चूक नव्हती हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. शरीरात सापडलं की आधी दोषी. एका बाजूला इतकं कठोर असलेलं कलम दुसऱ्या बाजूच्या हलगर्जीपणाला ‘चालायचंच’ म्हणू लागलं, तर मग कराराचा अर्थ काय उरतो? आज ४४ तास चालले, उद्या चार दिवस चालतील. आणि उद्याचा खेळाडू ब्रॉनइतका दोषी असेलच असं नाही.

लीगने दास यांच्यावर राग काढला, पण पुढे नमुने हाताळण्याचे नियमही सुधारून घेतले. म्हणजे भोक होतं, हे त्यांनाही मान्य झालं.

२४ फेब्रुवारी

इथवर ब्रॉनकडे एक सरळ रस्ता होता. ‘निकाल माझ्या बाजूने लागला, मी समाधानी आहे, आता खेळायला जातो.’ तीन वाक्यं. कुणी त्याला आणखी काही विचारू शकलं नसतं.

त्याने पत्रकार परिषद घेतली. फीनिक्समध्ये संघाच्या सराव-मैदानावर, गवतावर, उन्हात, मागे सहकारी उभे. शर्टाची बटणं नीट, आवाज शांत. सत्य माझ्या बाजूला आहे, म्हणाला. हा पदार्थ माझ्या शरीरात कधीच गेला नाही, यावर प्राण पणाला लावीन, म्हणाला. माझं वजन एका पौंडानेही वाढलं नाही, पळण्याचा वेग सेकंदाच्या दहाव्या भागानेही सुधारला नाही, २५ वेळा माझी चाचणी झाली आहे. मैदानापासून पाच मैलांच्या आत फेडएक्सची अनेक केंद्रं रात्री नऊपर्यंत उघडी होती, एक तर चोवीस तास. आणि मग, जरा आवाज उतरवून: नमुना घेणाऱ्या माणसाबद्दल, त्या साखळीबद्दल आम्हाला बऱ्याच गोष्टी कळल्या आहेत, ज्यांमुळे खरंच काय घडलं असेल याची शंका येते.

कोणत्या गोष्टी ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आपल्या गावात एखाद्याचं नाव खराब करायचं तर असंच करतात. ‘मी काही बोलत नाही, पण तुम्हीच बघा’ एवढं म्हटलं की काम होतं.

दोन दिवसांत त्या गृहस्थाचं नाव, घर, नोकरी सगळं लोकांच्या तोंडी होतं. त्याला वकील करावा लागला आणि २८ फेब्रुवारीला लेखी निवेदन काढावं लागलं: मी नमुन्याला हात लावला नाही, सील तशीच होती, मी जे केलं ते मला सांगितल्याप्रमाणे केलं. अब्जावधींचा धंदा असलेल्या खेळातला एक कोट्यधीश आणि जोडधंदा म्हणून नमुने गोळा करणारा एक माणूस. लढत कुठे जमण्यासारखी होती?

लीगचे आणि युनियनचे वकील ज्या फटीवर भांडले ती ‘कधी पाठवलं’ ही होती. ब्रॉनने ती लोकांसमोर ‘कुणीतरी काहीतरी मिसळलं’ इथपर्यंत ओढली. नियमाचा फायदा घेणं हा त्याचा हक्क होता. दुसऱ्याच्या अब्रूवर पाय देऊन निर्दोष दिसणं, हे कुठल्याच करारात बसत नाही.

मित्रही त्यात ओढले गेले. तेव्हा ग्रीन बे पॅकर्सकडून खेळणारा अमेरिकन फुटबॉलपटू ॲरन रॉजर्स हा ब्रॉनचा दोस्त आणि एका रेस्टॉरंटमधला भागीदार. त्याने ट्विटरवर एका टीकाकाराशी बोलताना आपला पुढच्या वर्षीचा पगार ब्रॉनच्या निर्दोषपणावर पैजेला लावला. पुढे त्याला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं, की त्याने माझ्या डोळ्यांत पाहून नाही म्हटलं होतं.

२०१२ मध्ये ब्रॉनने ४१ होमरन मारले, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक. गोष्ट संपली असं वाटत होतं.

वही

मायामीला लागून कोरल गेबल्स आहे. मायामी विद्यापीठ तिथेच. त्या भागात अँथनी बॉश नावाचा एक जण ‘बायोजेनेसिस’ हे वय परतवण्याचं क्लिनिक चालवत होता. पांढरा कोट घालायचा, लोक डॉक्टर म्हणायचे. वैद्यकीय परवाना नव्हता. गिऱ्हाइकांत शाळकरी खेळाडूंपासून कोट्यधीशांपर्यंत सगळे. हिशेब हाताने लिहिलेल्या वह्यांत.

तिथे काम करणाऱ्या एका माणसाने धंद्यात सुमारे ४ हजार डॉलर घातले होते. बॉश ते परत देईना. आज देतो, उद्या देतो. शेवटी वैतागून त्याने वह्या उचलल्या आणि मायामीच्या एका साप्ताहिकाकडे गेला. जानेवारी २०१३ च्या अखेरीस ‘मायामी न्यू टाइम्स’मध्ये सगळं छापून आलं. चार हजार डॉलर वेळेवर दिले असते तर बेसबॉलच्या इतिहासातलं हे पान वेगळं असतं. बॉशच्या गिऱ्हाइकांनी बॅटला लावायच्या डिंकावर याहून जास्त उधळले असतील.

५ फेब्रुवारीला याहू या संकेतस्थळाने आणखी कागद छापले. त्यांत ब्रॉनचं नाव होतं, आणि एका ठिकाणी त्याच्या आद्याक्षरांसमोर २० ते ३० हजारांचा आकडा. ब्रॉनने लगेच खुलासा दिला: माझ्या वकिलांनी २०११ च्या अपिलासाठी बॉशचा सल्लागार म्हणून सल्ला घेतला होता, त्याच्या फीवरून वाद होता. खुलासा अगदीच अशक्य नव्हता. पण मूत्रचाचणीच्या बारकाव्यांसाठी मोठमोठ्या वकिलांना परवाना नसलेला क्लिनिकवालाच का सापडावा, हे कुणी समजावून सांगितलं नाही.

यानंतर लीगने जे केलं तेही फार सोवळ्यात नव्हतं. बॉशवर फ्लोरिडात दिवाणी दावा ठोकला, जेणेकरून त्याला वकिलांच्या खर्चानेच बुडवता येईल. कागदांसाठी १ लाख २५ हजार डॉलर रोख मोजले. आणि जूनमध्ये दावा मागे घेण्याच्या बदल्यात बॉशला आपल्या बाजूने साक्षीला उभं केलं. दास यांच्यासमोर सीलबंद बाटली घेऊन हरलेल्या लीगने आता चोरलेल्या वह्या आणि माफीचा साक्षीदार असा मार्ग धरला. हा विरोधाभास मला आजही खटकतो. पण वही खोटी नव्हती.

पुढे बॉशने टीव्हीवर सांगितलं ते सगळ्यात डोळे उघडणारं. सामन्याच्या थोडं आधी टेस्टोस्टेरॉनची चघळायची छोटी गोळी द्यायची. ती तोंडातल्या तोंडात रक्तात जाते, सामनाभर असर, आणि सामना संपेपर्यंत प्रमाण खाली. चाचणीला बोलावलं तर सुरुवातीची आणि शेवटची धार सोडून मधली द्यायची. म्हणजे सापडणारा तो, ज्याचं वेळेचं गणित चुकलं. बायोजेनेसिसमधून ज्यांच्यावर बंदी आली त्यांतल्या बहुतेकांचा नमुना सदोष आलाच नव्हता.

कबुली आणि हिशेब

जूनच्या शेवटी लीगच्या तपासनिसांनी ब्रॉनला बसवलं. त्याने उत्तरं द्यायला नकार दिला. त्यांनी काय काय हाती लागलं आहे ते दाखवलं असावं, कारण २२ जुलै २०१३ ला त्याने अपिलाचा हक्क सोडून बंदी पत्करली: हंगामातले उरलेले ६५ सामने. निवेदनात ‘काही चुका झाल्या’ एवढंच. कसल्या, ते नाही.

हिशेब पाहिला तर ती वेळ निवडण्यात व्यवहार होता. ब्रुअर्स त्या वर्षी तळाकडे होते, प्लेऑफची आशा नव्हती. २०१३ चा त्याचा पगार ८५ लाख डॉलर, त्यातले तीस लाखांच्या थोडे वर गेले. २०१६ ते २०२० चे १० कोटी ५० लाख जसेच्या तसे. ५ ऑगस्टला बायोजेनेसिस प्रकरणातल्या आणखी १२ खेळाडूंनी ५० सामन्यांची बंदी मुकाट्याने घेतली. याच प्रकरणातला बडा खेळाडू ॲलेक्स रॉड्रिगेझ २११ सामन्यांच्या बंदीविरुद्ध भांडत बसला, तेव्हा लवादाने ते १६२ वर आणले, आणि २०१४ चा सगळा हंगाम त्याच्या हातून गेला. ब्रॉनचा वकील हुशार होता एवढं म्हणायला हरकत नाही.

२२ ऑगस्टला एक लांबलचक पत्र आलं. त्यात २०११ च्या हंगामाच्या उत्तरार्धात दुखापत बरी होत नव्हती, म्हणून थोड्या दिवसांसाठी एक क्रीम आणि एक चघळायची गोळी वापरली, असं होतं. लवादाच्या सुनावणीत सामील असलेल्या सगळ्यांची माफी, आणि नमुना घेणाऱ्या त्या गृहस्थाची नाव घेऊन माफी. क्रीम आणि गोळी. दीड वर्षापूर्वी प्राण पणाला लावले होते ते यावर.

केम्प म्हणाला, पुरस्कार काढून घ्या. बेसबॉल लेखकांच्या संघटनेने काढला नाही. मार्च २०१४ मध्ये लीग आणि युनियनने शिक्षा वाढवली: पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला पूर्ण हंगाम, आणि त्या वर्षी प्लेऑफ खेळायला बंदी. ही वाढ मागण्यात स्वच्छ खेळणारे खेळाडूच पुढे होते, कारण फसवले गेल्याचा राग मालकांपेक्षा त्यांना जास्त होता.

हिवाळ्यात ब्रॉनने सीझन तिकीट असलेल्या चाहत्यांना स्वतः फोन करून माफी मागितली. ३१ मार्च २०१४ ला घरच्या मैदानावर तो पहिल्यांदा फलंदाजीला आला तेव्हा मिलवॉकीकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आठवडाभराने फिलाडेल्फियात प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. त्याने त्या सामन्यात तीन होमरन मारले आणि ७ धावा आणल्या. त्या दिवशी त्याच्या रक्तात काही नव्हतं असं धरलं, तर २०११ च्या त्या गोळीने नेमकं काय दिलं असेल, हे कुणालाच मोजून सांगता येणार नाही.

२०२१ मध्ये तो निवृत्त झाला. ब्रुअर्सकडून सर्वाधिक ३५२ होमरन त्याचे. २०११ च्या पुरस्कारांच्या यादीत आजही ब्रॉन पहिला आहे आणि केम्प दुसरा.